मांजराचे पाय कुत्र्याला: नवशिक्या पाळणाऱ्यांसाठी प्राथमिक पुस्तिका

ही पुस्तिका कोणासाठी

ज्यांच्या घरी येत्या आठवड्यात एखादं जनावर येणार आहे आणि ते आणायचं नेमकं कुणी ठरवलं हे ज्यांना पुढे कधीच सांगता येणार नाही, अशा कुटुंबांसाठी ही पुस्तिका आहे. घरात जनावर आणण्याचा ठराव सहसा होत नाही. मुलगी क्लासवरून येताना ओढणीत गुंडाळून काहीतरी आणते, 'फक्त आजची रात्र' असं ठरतं, आणि सकाळी ज्या आजोबांचा कडक विरोध होता तेच बशीत दूध ओतताना सापडतात. किंवा एखाद्या मित्राच्या लॅब्रेडॉरला नऊ पिल्लं होतात आणि कित्येक वर्षं न भेटलेला तो मित्र एकाएकी जिव्हाळ्याने फोन करू लागतो.

अशा वेळी घाबरू नये. आलेलं जनावर कुत्रा आहे की मांजर, एवढं पहिल्या दिवशी नीट पाहून घ्यावं. हसू नका. आपल्याकडे मांजराला मांजर म्हणून फार कमी घरांत सांभाळतात. बाकी ठिकाणी ते जरा लहान, जरा कमी लाडाचं कुत्रं म्हणून वाढतं: कुत्र्याचंच खाणं, कुत्र्याचंच औषध निम्मं करून, आणि डॉक्टर जमलं तर. मांजराचे पाय कुत्र्याला आणि कुत्र्याचे मांजराला लावण्याचा हा उद्योग थोडा कमी व्हावा, इतकाच या पुस्तिकेचा माफक हेतू.

मूळ नियम एकच. कुत्रा मागतो, मांजर मागत नाही. खाणं दोघंही मागतात. मांजर तर पहाटे पाचला छातीवर उभं राहून मागतं. पण दुखणं, तहान, ताप, म्हातारपण यांतलं काहीच ते कळवत नाही. त्यामुळे आपल्या घरांत कुत्र्याला गरजेपेक्षा चार गोष्टी जास्त मिळतात आणि मांजराला चार कमी. नवशिक्याने आपला बराचसा वेळ मागणाऱ्याला नाही म्हणण्यात आणि न मागणाऱ्याकडे बघत बसण्यात घालवायचा आहे.

निवड

कुत्रा निवडताना जाहिरात पाहू नये. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत एक पग लहान मुलाच्या मागेमागे फिरला आणि नंतर प्रत्येक सोसायटीत निदान एक तरी पग दिसू लागला. जाहिरातीत न दिसलेली गोष्ट अशी, की चपट्या नाकामुळे पगला श्वास घ्यायलाच कष्ट पडतात, आणि कुत्रा अंग थंड ठेवतो ते मुख्यतः धापा टाकून. म्हणजे उन्हाळ्यात त्याची दोन्हीकडून कोंडी. तरी पग परवडला. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना सायबेरियन हस्की पाळणारी धाडसी कुटुंबं आहेत. वीज गेली की घरातले सगळे त्याला आळीपाळीने ओल्या पंच्याने पुसत बसतात आणि आजी दर अर्ध्या तासाने विचारते, "याला याच्या गावी कधी पाठवणार?" आजीचा प्रश्न शास्त्रशुद्ध आहे.

देशी कुत्रा घ्या. त्याला आपलं ऊन माहीत आहे. ऐट हवीच असेल तर मराठवाड्यातला कारवान आहे, पलीकडे कर्नाटकातला मुधोळ आहे. मुधोळचं तर २००५ साली टपाल तिकीटही निघालं. मात्र हे धावण्यासाठी घडलेले शिकारी कुत्रे आहेत, वन बीएचकेमध्ये सोफ्याभोवती फेऱ्या मारण्यासाठी नव्हेत.

मांजराच्या बाबतीत निवडीचा प्रश्न येत नाही. जिन्याखाली जे जन्मलं ते आपलं. पैसे देऊन पर्शियन आणणार असाल तर रोज विंचरायची तयारी ठेवा, डोळे पुसायची ठेवा, आणि त्या जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार चालत आलेला आहे, म्हणून पिल्लाच्या आईबापांची तपासणी झाली आहे का ते विचारा. विकणारा तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने बघेल. बघू दे.

नाव आणि नातं

कुत्रा आला की घरातल्या माणसांची पदं बदलतात. चाळीस वर्षांचा बँक अधिकारी दोन दिवसांत 'ब्रुनोचे बाबा' होतो. लिफ्टमध्ये लोक त्याला याच नावाने ओळखतात. खरं आडनाव विचारायची वेळ मेंटेनन्स थकला तरच येते. "बाबाकडे जा", "आईला पंजा दे", "दादाचा बूट सोड" ही वाक्यं मोठ्याने म्हणायची लाज पहिल्या आठवड्यात वाटते, दुसऱ्यात वाटत नाही.

मांजराच्या घरी असं होत नाही. मनीचे बाबा असे कुणी नसतात. मनी असते, आणि तिच्या घरात काही माणसं राहतात. नाव मात्र ठेवावं, कारण ते तिला कळतं. २०१३ साली टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी घरगुती मांजरांना त्यांच्या मालकाच्या आणि अनोळखी माणसांच्या हाका ध्वनिमुद्रित करून ऐकवल्या. मालकाचा आवाज मांजरांनी ओळखला. कान वळले, मान वळली. उठून जाण्याची तसदी घ्यावी असं मात्र त्यांना वाटलं नाही. पुढे २०१९ मध्ये त्याच प्रमुख संशोधिकेच्या चमूने दाखवलं, की मांजराला स्वतःचं नाव इतर शब्दांपासून वेगळं ओळखू येतं. तेव्हा हाक मारल्यावर मनी आली नाही, तर ती बहिरी आहे असं समजू नका. एक अपवाद: मांजर पांढरंशुभ्र आणि दोन्ही डोळे निळे असतील तर ते खरंच बहिरं असण्याची बरीच शक्यता असते. त्याला ओरडू नका, ऐकू जात नाही. ऐकू येणाऱ्यालाही ओरडू नका, उपयोग नाही.

सकाळी सहा वाजता

कुत्रा पाळणं हा सार्वजनिक कार्यक्रम आहे. सकाळी सहाला, पाऊस असो, दिवाळीची पहिली आंघोळ असो, आदल्या रात्री घरात लग्न असो, एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात जुना पेपर घेऊन बाहेर पडावं लागतं. पेपर वाचण्यासाठी नाही. उचलण्यासाठी आहे. बरेच जण हा पेपर वर्षभर घडी न मोडता हातात बाळगतात; अशांना या पुस्तिकेची पुढची पानं वाचायला बंदी आहे.

बाहेर पडलात की तुमच्या कुत्र्याबद्दल प्रत्येकाला मत असतं. सेक्रेटरीसाहेबांना असतं, वॉचमनला असतं, समोरून येणाऱ्या, ओळख नसलेल्या काकांना तर फारच असतं. लिफ्टमध्ये कुत्रा नको अशी पाटी लागली, तर भांडण्याआधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना छापून जवळ ठेवा. पाळीव कुत्र्याला सोसायटी बंदी घालू शकत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमत झालं तरीही, आणि लिफ्टही नाकारू शकत नाही, असं त्यात आहे. कागद दाखवताना आवाज खाली ठेवा आणि पट्टा आखूड धरा. कायदा तुमच्या बाजूने आहे म्हणून लिफ्टमधल्या आजींची भीती खोटी ठरत नाही.

कुत्र्यावरून गाव पेटल्याचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत पोलिसांनी भटकी कुत्री मारायची मोहीम काढली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर आली, बाजार बंद पडला, आणि लष्करी छावणीची रसद अडली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे, अंत्यविधीतही त्याचं काम असतं. सरकारला ते ठाऊक नव्हतं किंवा त्याची पर्वा नव्हती. मांजरासाठी मुंबई एकदाही बंद झालेली नाही.

कारण मांजर ही खासगी बाब आहे. तिसऱ्या मजल्यावर चार मांजरं आहेत हे दुसऱ्या मजल्याला वर्षानुवर्षं कळत नाही. २०२२ साली पुणे महापालिकेने कुत्र्यांबरोबर मांजरांनाही परवाना लागू करायचं ठरवलं, तेव्हा मांजर पाळणाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की त्यांना कळणार कसं? आणि जे महापालिकेला कळत नाही ते डॉक्टरलाही कळत नाही, ही यातली खरी अडचण आहे. कुत्रा लंगडला तर संध्याकाळपर्यंत चार जण विचारतात. मांजराची चौकशी करणारं बाहेर कुणी नाही. जे बघायचं ते तुम्हीच.

जेवण

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून सावकाश वाचा.

कुत्रा मांसाहारी कुळातला असला तरी माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षं वाढलेला आहे. २०१३ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं, की लांडग्याच्या तुलनेत कुत्र्याच्या शरीरात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती पुष्कळ वाढलेल्या आहेत. म्हणजे दारातल्या पोळीच्या तुकड्याने लांडग्याचा कुत्रा होण्यात थोडा हात लावला आहे. त्यामुळे भात, पोळी, अंडं, चिकन, थोडं दही असं नीट मोजूनमापून दिलेलं घरचं खाणं कुत्र्याला चालतं. शाकाहारी घरातही डॉक्टरला विचारून त्याचं भागवता येतं.

मांजराचं भागत नाही. मांजर पक्कं मांसाहारी आहे, त्याला आवडीनिवडीचा इलाज नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो. तो नसेल तर डोळ्याचा पडदा कायमचा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू ढिले पडतात. हृदयाचं हे कारण संशोधकांना १९८७ साली उलगडलं आणि त्यानंतर तयार खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं. दूधपोळीत ते वाढवणारं कुणी नाही. 'अ' जीवनसत्त्वही मांजराला थेट मांसातून लागतं, त्यामुळे गाजराचा त्याला शून्य उपयोग. कुत्र्याचं तयार खाणं मांजराला रोज घातलं तर पोट भरतं आणि बाकी सगळं उपाशी राहतं.

आता येतो तो आपल्या घरांतला नाजूक प्रसंग. घर शाकाहारी, शेजार शाकाहारी, फ्लॅट घेतानाच बिल्डरने हळू आवाजात खात्री करून घेतलेली, आणि घरात मांजर. यावर अनेक सुसंस्कृत कुटुंबांनी तोडगा काढला आहे. गॅलरीत एक वेगळी शेगडी, एक वेगळं पातेलं ('मनीचं', त्याला घरात दुसरं नाव नाही), आठवड्यातून दोनदा बाजारातून काळ्या पिशवीत येणारी वस्तू, आणि शिजताना खिडक्या बंद. आजी नाकाला पदर लावून लांब उभी राहते आणि तिथूनच सांगते, "काटे काढलेस का नीट?" हे अगदी योग्य आहे. फक्त रोज नुसती मासळी नको, आणि कच्ची तर नकोच; काही माशांत 'बी-१' जीवनसत्त्व नासवणारा घटक असतो. आणि हा सगळा खटाटोप झेपत नसेल, तर मांजरासाठी म्हणून तयार केलेलं खाणं आणा, त्यात लाज नाही. नाहीतर ससा पाळा.

दूध: मोठ्या मांजराला ते पचेलच असं नाही, बऱ्याच मांजरांना त्याने हगवण लागते. चित्रांतल्या सगळ्या मांजरांसमोर दुधाची बशी असते, हा चित्रकारांचा दोष. गोड: मांजराला गोडाची चवच कळत नाही, त्यासाठी लागणारं जनुक त्याच्यात निकामी झालेलं आहे. ते श्रीखंड चाटतं ते स्निग्धांशासाठी. कुत्र्याला मात्र गोड कळतं, आणि तिथेच घात आहे. चॉकलेट कुत्र्याला विष आहे, हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. मनुका आणि द्राक्षंही तितकीच वाईट, काही कुत्र्यांची मूत्रपिंडं त्यांनी बंद पडतात, हे मात्र सत्यनारायणाच्या दिवशी कुणाला आठवत नाही. शिरा वाटताना "त्यालाही द्या प्रसाद, देवाचाच जीव" असं एखाद्या काकू हमखास म्हणतात. शिऱ्यातल्या मनुका वेचून काढा, किंवा काकूंना दुसऱ्या खोलीत बसवा. कांदालसूण दोघांनाही नको, मांजराला तर अजिबातच. म्हणजे आपल्या रश्शातलं मटण धुऊन दिलं तरी नको. शिजलेली हाडं नकोत, फुटतात आणि आत टोचतात.

उपास: घरात एकादशी असेल तर धट्ट्याकट्ट्या मोठ्या कुत्र्याने एक दिवस करायला हरकत नाही. मांजराने दोन दिवस तोंडात काही घेतलं नाही, आणि त्यातून ते गुबगुबीत असेल, तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि जिवावर बेततं. 'रुसलीय, खाईल उद्या' हे वाक्य कुत्र्याच्या घरात चालतं. मांजराच्या घरात ते एकदाच म्हणायचं, दुसऱ्या दिवशी डॉक्टर.

आणि मागणाऱ्याचं काय? लॅब्रेडॉरचे डोळे पाहून विरघळू नका. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रेडॉरांत भूक भागल्याची जाणीव देणाऱ्या जनुकात बिघाड असतो. म्हणजे तो नाटक करत नाही, त्याला खरंच भूक लागलेली असते, आणि तरीही द्यायचं नाही. कडेवरून हात फिरवा; बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र बोलावून विचारा, आज तू किती बिस्किटं दिलीस. बेरीज झाली की आजोबा उठून फिरायला जातील.

पाणी आणि शू

नवशिक्याने हे प्रकरण फ्रीजवर लावून ठेवावं.

कुत्र्याची शू सगळ्या गल्लीला दिसते. मांजराची कुणालाच दिसत नाही, म्हणून मांजर पाळणाऱ्याने ट्रेकडे बघायला शिकावं. मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया आणि आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. पाणी कमी प्यायचं, शिकारीतूनच ते मिळवायचं आणि शू घट्ट करायची, अशी ती रचना. वाळवंटात ती उत्तम चालते. सदाशिव पेठेत नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवलेल्या मांजरात तीच रचना मूत्रमार्गाच्या तक्रारींना वाट करून देते. पाण्याचं भांडं खाण्यापासून लांब ठेवा, पसरट ठेवा, एकाऐवजी तीन ठेवा. खाणं ओलं द्या. मनी बेसिनच्या नळाखाली जाऊन बसत असेल तर हुसकू नका.

ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त असावा, दोघांना तीन, असं डॉक्टर सांगतात. खाण्याच्या शेजारी ठेवू नये; आपणही ठेवत नाही. माती विकतची घ्या किंवा शेजारच्या बांधकामावरची वाळू चाळून आणा, मांजराला फरक पडत नाही, बिल्डरला पडतो. रोज उपसा. उपसताना गोळे मोजा, आणि त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. मांजराच्या तब्येतीचा एवढा खरा दाखला दुसरा नाही.

आणि हे लक्षात ठेवा. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, आणि वाळू कोरडी राहते. घरातले म्हणतात, बद्धकोष्ठ झालंय, थोडं तूप घाला. बद्धकोष्ठ नसतं. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो अडला की शरीरातलं विष बाहेर पडायची वाट बंद होते, आणि एकदोन दिवसांत बोका जातो. रात्रीचे अकरा वाजलेले असोत, रविवार असो, त्याच वेळी निघायचं. तूप माणसांनी भातावर घ्यावं.

दवाखाना

शनिवारी संध्याकाळी जनावरांच्या कोणत्याही दवाखान्यात जाऊन बसा. लॅब्रेडॉर बाकावर, त्याचे आईबाबा जमिनीवर. एक पॉमेरेनियन सगळ्यांवर भुंकतोय आणि त्याची मालकीण सगळ्यांना सांगतेय, "तो काही करत नाही." कुणाची नखं कापायची आहेत, कुणाचा कान लाल झालाय, कुणाला आज जरा कमी भूक आहे. कोपऱ्यात एक गृहस्थ भाजीची पिशवी छातीशी धरून गप्प बसलेले असतात. पिशवीतून मधूनच एक पंजा बाहेर येतो. ते मांजर. ते या दवाखान्यात नसबंदीनंतर आज पहिल्यांदा आलंय, आणि गेले तीन आठवडे बारीक होत चाललंय.

पिशवी, उशीचा अभ्रा, झाकण दोरीने बांधलेली आंब्याची करंडी, हे सगळं बंद करा. पिंजरा आणा आणि तो माळ्यावर न ठेवता दिवाणखान्यात दार उघडं ठेवून ठेवा, आत जुनी साडी घाला. मनी त्यात झोपायला लागली की अर्धी लढाई संपली. ज्या घरात पिंजरा फक्त डॉक्टरच्या दिवशी खाली उतरतो, त्या घरात मांजर त्या दिवशी वॉशिंग मशिनच्या मागे असतं. दवाखान्यात पिंजरा जमिनीवर ठेवू नका, मांडीवर घ्या आणि वरून कापड टाका. पॉमेरेनियनची मालकीण काहीही म्हणो.

मांजर कधी न्यायचं, हा मोठा प्रश्न. ते सांगणार नाही. गुरगुरणं ऐकून फसू नका. मांजर सुखात गुरगुरतं तसं दुखतानाही गुरगुरतं. घरच्या वजनकाट्यावर आधी मांजर कडेवर घेऊन उभं राहा, मग एकट्याने, आणि वजाबाकी करून कॅलेंडरवर लिहा. दुधाच्या हिशोबाशेजारी जागा असते. आणखी एक खूण: मनी कपाटावर चढायची थांबली. घरात सगळ्यांना बरं वाटतं, "आता शहाणी झाली." शहाणी नाही, तिचे सांधे दुखतात. अमेरिकेत बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले, त्यातल्या ९० मांजरांच्या सांध्यांत झीज होती. तो अभ्यास २००२ चा. त्या नव्वदांतल्या कितींच्या घरी 'शहाणी झाली' म्हणत असतील, याचा तक्ता त्यात नाही.

औषधाची गोळी कुत्र्याला पेढ्यात घालून द्या. मांजराला कशी द्यायची ते डॉक्टरकडून समोर करून दाखवून घ्या. छापील शब्दांत ते सांगता येत नाही. माणसांचं औषध दोघांनाही नको. ताप वाटतो म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली, तरी ती मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध मोडून बाहेर टाकायची सोय त्याच्या यकृतात पुरेशी नसते. फुलदाणीत लिली असेल तर तीही बाहेर. तिचे परागकण अंगावरून चाटून पोटात गेले तरी मांजराचं मूत्रपिंड निकामी होतं.

लस, चावा आणि जुनी भीती

कुत्र्याला लस देतात कारण परवान्याला लागते, हॉस्टेलला लागते, सेक्रेटरीला लागते. मांजराला देत नाहीत, कारण 'ती कुठे बाहेर जाते'. ती जाते. ज्या दिवशी दुरुस्तीवाला दार उघडं टाकतो त्या दिवशी जाते. रेबीजची लस दोघांनाही, पहिली साधारण तीन महिन्यांच्या वयाला, मग डॉक्टर सांगेल तशी.

आणि चावलंच, मग ते कुत्रं असो की मांजर, तर हळद, चुना, तिखट काही न लावता वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि इंजेक्शनं घ्यायला जायचं. पोटात चौदा सुया टोचतात, या भीतीने अजूनही माणसं घरी बसतात. ती जुनी लस देशात २००४ साली बंद झाली. आता दंडात घेतात, ठरलेल्या चारपाच दिवशी, आणि सरकारी रुग्णालयात फुकट.

नसबंदीबद्दल एकच वाक्य: बोक्याच्या बाबतीत घरातल्या पुरुषांचं मत विचारू नये.

पाऊस, फटाके, गॅलरी

पावसाळ्यात कुत्र्याला साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, उंदरांमुळे त्यात लेप्टोस्पायरोसिस असतो. त्याची लस असते, ती घ्या. आल्यावर बोटांच्या बेचक्यांत आणि कानामागे गोचिडी बघा. मांजर पावसात जात नाही. इथे त्याची अक्कल आपल्यापेक्षा जास्त आहे.

दिवाळीत कुत्रा पलंगाखाली थरथरतो, सगळं घर त्याच्याभोवती बसतं, कुणी त्याला शेला पांघरतं, कुणी रामरक्षा म्हणतं. मांजर कुठे आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं. धनत्रयोदशीच्या संध्याकाळीच ते मोजून घ्या आणि खोलीचं दार लावा.

मांजर चार पायांवर पडतं म्हणून गॅलरी उघडी ठेवू नका. १९८७ च्या न्यूयॉर्कमधल्या एका प्रसिद्ध अभ्यासात उंच इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं होती आणि त्यांपैकी सुमारे ९० टक्के जगली, हे खरं. पण ती दवाखान्यात पोचलेली मांजरं होती. खालीच संपलेली तिथे कुणी नेली नाहीत. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी चालेल का? चालेल, पण महिन्यातून एकदा हाताने ओढून बघा. कबूतर जाळी कुरतडत नाही, मनी कुरतडते.

दोन्ही पाळायचे असतील तर

ओळख सावकाश करून द्या: आधी दाराच्या दोन बाजूंना, नुसत्या वासाने, मग पट्ट्यावर. कुत्र्याला गोचिडींसाठी मानेवर थेंब टाकायचं औषध देणार असाल तर त्यात परमेथ्रिन आहे का ते विचारा. ते कुत्र्याला चालतं आणि मांजराला मारतं, आणि तुमची मनी थंडीत नेमकी कुत्र्याच्या मानेला टेकून झोपणार आहे.

मांजराचं ताट उंचावर ठेवा, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा फ्रीजवर. खाली ठेवलंत तर कुत्रा दोन्ही ताटं संपवेल आणि मांजर काही बोलणार नाही, तिथेच बसून बघेल, आणि तुम्हाला वाटेल दोघंही जेवले.

ट्रे मात्र उंचावर ठेवता येत नाही, आणि कुत्र्यांना मांजराच्या ट्रेमधला ऐवज फार आवडतो. हे कुठल्या जाहिरातीत दाखवत नाहीत. उपाय असा, की ट्रे ज्या संडासात किंवा गॅलरीत आहे तिच्या दाराला खालून खिडकी पाडून घ्या, मांजर जाईल आणि कुत्रा जाणार नाही एवढीच. सुताराला माप मांजराच्या खांद्यांचं द्या. घरात पॉमेरेनियन असेल तर या उपायाचा उपयोग नाही, तुम्हाला दिवसातून चार वेळा ट्रे उपसावा लागेल.